भागीरथीबाई पेन खाली ठेवतात

माझं भाषण चाळीस मिनिटांचं झालं होतं आणि वहीत ते दोन ओळींत संपलं होतं. "कॉ. प्रधान यांनी बोलणी करण्यास विरोध केला. कारण सांगितले नाही." मागच्या बैठकीचं इतिवृत्त पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला वाचायचं आणि सगळ्यांनी माना डोलावून ते मंजूर करायचं, ही आमच्या आंबिवली शाखेची जुनी पद्धत. त्या रविवारी सकाळी भागीरथीबाईंनी या दोन ओळी वाचल्या आणि पान उलटलं. माझं डोकंच सटकलं. चाळीस मिनिटं मी काय तिथे गवत उपटत होतो?

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बँकेत कारकून होतो तेव्हा युनियनच्या गेटसभा मी गाजवल्यात. राहतो डोंबिवलीला, पण पक्षाचं काम गेली तीस वर्षं आंबिवलीत, कारण एके काळी तिथे मोठा कारखाना होता. कारखाना बंद पडला, कामगार म्हातारे झाले, आणि शाखेत आता पंधरा माणसं उरली आहेत. पंधरा जणांपुढे बोलतानाही माझा आवाज मैदानात बोलल्यासारखा लागतो. खोड आहे, जात नाही.

"भागीरथीबाई, बाकीचं कुठंय?" मी विचारलं.

"बाकीच्याच्या वेळी पेन खाली होतं," त्या म्हणाल्या.

हे शाखेत सगळ्यांना ठाऊक आहे. भागीरथीबाई भराभर लिहीत असतात आणि मध्येच पेन वहीवर आडवं ठेवतात. कोणी कोणाला संधिसाधू म्हटलं, विकला गेलेला म्हटलं, की पेन खाली. कोणी कोणाची आरती ओवाळायला घेतली, 'आमचे झुंजार, त्यागी, लढाऊ कॉम्रेड' सुरू झालं, की तेव्हाही पेन खाली. बोलणारा मुद्द्यावर आला की पुन्हा उचलतात. तोंडाने एक अक्षर काढत नाहीत. नव्या माणसाला वाटतं बाईंचा हात दुखत असेल. जुनी माणसं मात्र बोलताना डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या पेनाकडे बघत असतात. एकदा ठाण्याहून जिल्ह्याचे एक नेते आले होते. त्यांच्या स्वागतावर तिघं जण बोलले आणि वहीत एवढंच आलं: "जिल्ह्याहून एक जण आले. चहा झाला." नेत्यांनी ते वाचलं की नाही माहीत नाही, पण पुन्हा काही ते फिरकले नाहीत.

मला या पेनाचं कुतूहल फार वर्षांपासून. मी तर प्रयोगसुद्धा करून बघितलेत. एकदा मुद्दाम एकाच वाक्यात अर्धी स्तुती आणि अर्धा मुद्दा घातला: "आपल्या कर्तबगार हेमाताईंनी नळाच्या पाण्यासाठी महापालिकेत अर्ज दिला आहे." पेन 'आपल्या कर्तबगार' होईपर्यंत हवेत थांबलं आणि 'हेमाताईंनी'वर टेकलं. मी विचारलं, "अहो, एखाद्याने खरंच चांगलं काम केलं तर?" तर म्हणाल्या, "काम लिहिते की. कौतुक घरी जाऊन करते." आणि करतातही. हेमाकडे त्या संध्याकाळी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी पोचली होती. मला आजवर कधी काही पोचलेलं नाही, हे मी नोंदवून ठेवतो.

बाई तिथल्याच, आगरी, गावातल्या. वय त्रेसष्ट. शिक्षण सातवी. अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता घरी शिवणकाम करतात. नवरा गोविंदा कारखान्यात बॉयलरवर होता, तो जाऊन सत्तावीस वर्षं झाली. वही साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून आणतात, पट्टीने समास आखतात, आणि एवढ्या वर्षांत मी त्यांना आवाज चढवताना ऐकलेलं नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

तरी मी भांडलो. "माझा शब्द न् शब्द लिहा," मी म्हटलं. "सगळ्यांनी ऐकलंय ते."

"बोलनी नको, हे लिहिलंय. का नको, ते सांगा, आता लिहिते."

"का नको म्हणजे? जो बोलणी करा म्हणतो तो–" आणि मी बघतो तर पेन आडवं. समोर दोघं-तिघं खाली मान घालून हसत होते.

आता मूळ प्रकरण सांगतो. गावामागची जमीन सरकारला गोदामांच्या प्रकल्पासाठी हवी होती. जमीनवाल्यांनी समिती केली. आमच्या शाखेने घोषणा दिली, 'एक इंचही देणार नाही'. घोषणा माझी. भिंतीवर रंगवताना अक्षरं नीट येतायत की नाही ते बघायला मी उन्हात उभा होतो. आणि एका बैठकीत आमच्यातलाच चंदू केणे उठून म्हणाला, बोलणी करू या.

चंदू गावातलाच, जमीनवाला, पंचावन्नचा असेल. आमच्याकडे पंचवीस वर्षं. गावाच्या समितीत आमचा तो एकटाच माणूस. बोलतो कमी. त्या दिवशी बोलला: "एक इंच देनार नाय, हे कोन बोलतंय? ज्याच्याकडं इंच हाय तो. माझ्या चाळीत चौदा खोल्या हायेत. भाडोत्री वीस-वीस वर्षं ऱ्हातायत, पन सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाय. जमीन गेली तं मला मोबदला भेटंल. त्यांना काय? सरकारशी बोलू, पन पयली मागनी भाडोत्र्यांची ठेवू."

मी उठलो. भांडवलशाहीपासून सुरुवात केली, मग देशातली परिस्थिती, मग जगातली, आणि शेवटी हात उगारून म्हणालो, "बोलणी म्हणजे दलाली. जो आज बोलणी करा म्हणतो तो भांडवलदारांचा दलाल आहे, मग तो लाल झेंड्याखाली का बसलेला असेना!" टाळ्या पडल्या. आमची सगळ्यांत तरुण सभासद समृद्धी, कल्याणला कॉलेजात आहे, तिने ते मोबाइलवर घेतलं. "काका, कसलं फाडलंत," ती म्हणाली. "टाकते हां ग्रुपवर." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, आठवडाभर बरं वाटत होतं. आणि आठवड्याने वहीतल्या त्या दोन ओळी. चंदू त्या रविवारी आला नव्हता. मला वाटलं, रुसला असेल.

बुधवारी दुपारी मी बाईंच्या घरी गेलो. राग होताच, पण खरं सांगायचं तर कुतूहल जास्त होतं. सत्तावीस वर्षं एखादी बाई पेन खाली ठेवते, म्हणजे कधीतरी पहिल्यांदा ठेवलं असेल. ते कधी आणि कोणावर, हे मला जाणून घ्यायचं होतं. बाई मशीनवर ब्लाउजला बाही लावत होत्या. मी सरळच विचारलं. त्यांनी दोरा तोडला, आत गेल्या आणि एक जुनी, लांबट वही घेऊन आल्या. खुणेसाठी तिच्यात कापडाची चिंधी घातलेली होती.

"वाचा," म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

ते पान कारखान्यातल्या शेवटच्या संपातल्या बैठकीचं होतं. गोविंदा त्या बैठकीत अर्धा तास बोलला, हे मला आठवत होतं. वहीत होतं, "गोविंदा यांची भूमिका फितुरीची असल्याचे सभेने स्पष्ट केले." फितूर हा शब्द त्या पानावर तीनदा आला होता. चिंधीपासून चार पानं पुढे शोकसभा. त्या बैठकीनंतर दोन महिन्यांत गोविंदा हार्टने गेला होता. "झुंजार, निष्कलंक, कामगारांचा सच्चा साथी" असं तिथे पाऊण पान भरून होतं. त्याच खोलीत, त्याच माणसांनी बोललेलं.

"मला त्याचा मुद्दा बघायचा होता," आतून भागीरथीबाई म्हणाल्या. "घरी तो बोलायचा नाय. आला की गप जेवायचा. तो गेल्यावर सगळे मला सांगायचे, वहिनी, त्या दिवशी अर्धा तास बोलला हो. मी म्हटलं, काय बोलला ते तरी बघू. वही मागून आनली. दोनदा वाचली. फितूर लिहिलंय, झुंजार लिहिलंय. तो काय बोलला, ते कुठंच नाय लिहिलेलं." चहाचा कप माझ्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, "अक्षर मात्र सुंदर हाय तुमचं."

अक्षर माझंच होतं. बँकेतलं, वळणदार, उजवीकडे झुकलेलं. त्या काळी इतिवृत्त मी लिहायचो, हे मी पार विसरून गेलो होतो.

मी डोकं खाजवलं. गोविंदा काय म्हणाला होता? त्याचा चेहरा आठवला, बोलताना तो टेबलाची कड धरायचा तेही आठवलं. त्यानंतर मी काय बोललो, तेही जसंच्या तसं आठवलं. त्याचं एक वाक्य आठवेना. मला लाज वाटली. इतकी की चहा तसाच राहिला. बाई काही रागावलेल्या नव्हत्या. त्या पुन्हा मशीनवर बसल्या होत्या. "मग वही मी मागून घेतली," एवढंच त्या म्हणाल्या.

निघताना दारात मला म्हणाल्या, "चंदूकडं जाऊन या. त्याच्या घरी काय चाललंय, तुम्हाला ठाव नाय वाटतं."

मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या बोलण्यात दलाल म्हणजे एक जुना, गुळगुळीत झालेला शब्द. वर्गाचा दलाल, साम्राज्याचा दलाल, मी आयुष्यात निदान हजार वेळा वापरला असेल आणि कोणाला काही लागलेलं नाही. पण शीळफाट्यापासून आंबिवलीपर्यंतच्या गावांत दलाल हा माणूस असतो. त्याला नाव असतं, पांढरी गाडी असते. तो म्हातारीचा अंगठा घेतो, भावाला भावाविरुद्ध उभं करतो, आणि जमीन गेल्यावर आपले टक्के घेऊन जातो. गावात एक घर नाही ज्याला तो आठवत नाही. समृद्धीने टाकलेली क्लिप आमच्या ग्रुपवरून गावच्या ग्रुपवर गेली आणि गावाने माझा शब्द जसा ऐकायचा तसाच ऐकला. चंदू दलाल आहे. त्याच्याच पक्षाचा माणूस सांगतोय, तोही इतक्या जोरात. कुठली जमीन, किती टक्के, एवढंच काय ते शोधायचं बाकी होतं.

चंदू ओट्यावर बसला होता. मला बघून उठला नाही. त्याने सांगितलं तेही जमिनीकडे बघत. समितीचा प्रमुख साईनाथ याने त्याला काढलं होतं. त्याच्याबरोबर भाडोत्र्यांची मागणीही यादीतून काढली, कारण दलालाने सुचवलेली मागणी, तिच्यात काहीतरी काळंबेरं असणारच. पुढच्या मंगळवारी कल्याणला प्रांताधिकाऱ्यांकडे सुनावणी होती आणि त्या दिवशी यादी द्यायची होती.

"ते एक असू दे," चंदू म्हणाला. "पन काल हळद झाली वरच्या आळीत. आयेला बोलावनं नाय."

चंदूची आई आवडाबाई गावची धवलारीण. लग्नात धवले गाऊन विधी चालवणारी बाई. पन्नास वर्षं त्या गावात तिच्या तोंडून धवला निघाल्याशिवाय कोणाला हळद लागली नव्हती. काल लागली. ऐंशी वर्षांची म्हातारी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी दारातून बघितलं आणि आत जायची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या रविवारी चंदू बैठकीला आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "साईनाथ बोलतोय, तुमच्या पक्षाच्या वहीत काय लिहिलंय ते आनून दाखव. म्हनून आलोय."

भागीरथीबाईंनी वही उघडली. वहीत त्या आरोपाचं काहीच नव्हतं. दलाल शब्द नव्हता, म्हणून तो मागे घेतल्याचंही काही लिहिता येत नव्हतं. "हे दाखवलं तं बोलतील, लपवलंय," चंदू म्हणाला. बाईंनी पान मागे उलटून पाहिलं, पुन्हा पुढे आणलं. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा गोंधळलेलं बघत होतो. "माझं चुकलं," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, नाय लिहिलं की नाय ऱ्हात."

मला एकदम हुरूप आला. म्हटलं, हे आपण निस्तरू. "लिहून घ्या," मी म्हणालो. "ठराव. कॉम्रेड चंदू केणे हे पक्षाचे निष्ठावंत, निष्कलंक, पंचवीस वर्षं झुंजणारे–"

पेन खाली.

"प्रधानभाऊ," भागीरथीबाई म्हणाल्या, "गोविंदाला पन निष्कलंक बोललात. त्याने फितूर पुसलं नाय गेलं. तुम्ही चंदूला काय बोललात ते सांगा, आज लिहिते."

"ते मी वर्गीय अर्थाने बोललो होतो."

"ते गावात कसं वाचायचं?"

मी वही माझ्याकडे ओढायला गेलो, त्यांनी ती धरून ठेवली.

"जमिनीच्या व्यवहारात त्याने पैसे घेतले, असा काय पुरावा होता तुमच्याकडं?"

"नव्हता. पुराव्याचा प्रश्नच–"

"नव्हता," त्यांनी लिहिलं. मग मोठ्याने वाचलं. "कॉ. प्रधान यांनी कॉ. चंदू केणे यांना दलाल म्हटले. पुरावा नव्हता." आणि वही माझ्याकडे फिरवली. "सही करा."

मी वाद घातला. संदर्भ लिहा म्हटलं, राजकीय टीका आणि वैयक्तिक आरोप यांत फरक असतो म्हटलं. त्यावर समृद्धी मध्येच बोलली. म्हणाली, "काका, मग चंदूकाकांच्या भाडोत्र्यांच्या मुद्द्यावर तुमची राजकीय टीका काय होती? मी क्लिप परत बघितली. त्यात ती नाहीये." पोरीने दोनच आठवड्यांपूर्वी मला डोक्यावर घेतलं होतं. मी सही केली. सही काही नीट आली नाही.

"हे उद्या गावात वाचायचं," बाई म्हणाल्या. "मी नाय. तुम्ही."

सोमवारी संध्याकाळी गावदेवीच्या मंडपात शंभरेक माणसं जमली होती. पुढे जमीनवाले खुर्च्यांवर, मागे बायका सतरंजीवर, आणि अगदी कडेला काही भाडोत्री उभे, जणू ते दुसऱ्या कोणाच्या कार्यक्रमाला आले होते. चंदू मध्येच कुठेतरी बसला होता. आवडाबाईंना त्याने हाताला धरून आणलं होतं आणि त्या सगळ्यांत पुढे खालीच बसल्या होत्या. भागीरथीबाई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी दोन्ही वाक्यं वाचली. माईक होता, पण माझा आवाज मला स्वतःलाच ऐकू येईना.

साईनाथ उठला. "पुरावा नवता, तं मंग कोनत्या अर्थाने बोल्लात?"

"त्याचं असं आहे," मी सुरुवात केली. "भांडवली व्यवस्थेत मध्यस्थ वर्गाची जी भूमिका असते–" माणसं एकमेकांत बोलायला लागली. कोणी फोन काढला. मला कळत होतं की मी पुन्हा तेच करतोय, पण थांबता येईना.

आवडाबाईंनी हात वर केला. मंडप गप्प झाला. त्या गावात सगळ्यांना अरे-तुरे करतात, मलाही केलं.

"तुना ठाव नवतं, माझ्या पोराने काय खाल्लंय की नाय?"

"नव्हतं, मावशी."

"मंग बोल्लास कनाला?"

माझ्याकडे उत्तरं होती. तीस वर्षांची होती. चळवळीची शिस्त, वैचारिक स्पष्टता, त्या क्षणाची गरज. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला राग नव्हता, तिला खरोखरच कळून घ्यायचं होतं.

"तो बरोबर बोलत होता, मावशी," मी म्हणालो. "मला उत्तर सुचत नव्हतं."

मी हे याआधी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या क्षणापर्यंत मलाही ते माहीत नव्हतं.

"ते मना कनाला सांगतंस?" आवडाबाई म्हणाल्या. "त्याला सांग."

मी वळलो. चंदू मान वर करून बघत होता. शंभर माणसांसमोर मी म्हटलं, "चंदू, तुझं बरोबर होतं. पहिली मागणी भाडोत्र्यांचीच हवी."

त्याने मला माफ केलं, असं मला त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्याने साईनाथकडे बघितलं. साईनाथने कडेला उभ्या असलेल्या भाडोत्र्यांकडे पाहिलं, मग यादीचा कागद खिशातून काढून चंदूकडे दिला.

चंदूने तो उलगडला, वाचला, आणि तिथूनच मला म्हणाला, "उद्या कल्याणला तुम्ही या. एवढा मोठा आवाज हाय तुमचा, भाडोत्र्यांचं तुम्हीच बोला. माझं नाव नका घेऊ. कारण सांगा."